धावत्या आज्ञावलीचे दर्शन : डीबगरच्या इतिहासातील चार टप्पे आणि महाराष्ट्राचा अनुभव

गोषवारा

संगणकाची आज्ञावली चालू असताना तिच्या अंतर्भागात काय घडत आहे, हे माणसाला समजेल अशा रूपात दाखविणे हा संगणकशास्त्राच्या आरंभापासूनचा प्रश्न आहे. ज्या साधनाद्वारे हे दर्शन घडते, त्यास 'डीबगर' म्हणतात. प्रस्तुत लेखात या दर्शनाचा इतिहास चार टप्प्यांत मांडला असून मुंबईचा टिफ्रॅक, त्यानंतरचा सीडीसी ३६००, महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील टर्बो सी आणि पुण्याचा परम या महाराष्ट्रातील उदाहरणांच्या आधारे त्याचे विवेचन केले आहे. अधिक माहिती दाखविणे म्हणजे अधिक स्पष्ट दाखविणे नव्हे, तसेच यंत्राच्या आत पाहण्याची संधी कोणाला मिळाली यावर ते यंत्र कोणाला समजले हे बऱ्याच अंशी ठरले, असे या इतिहासावरून दिसून येते.

बीजशब्द : आज्ञावली, चालू अवस्था, डीबगर, टिफ्रॅक, परम, संगणक शिक्षण

१. प्रस्तावना

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची तालुक्याची दोन गावे आहेत. एक बाजारावरून ओळखले जाते, दुसरे रेल्वेवरून. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळकडून येणारा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला आणि वऱ्हाडातील कापूस मुंबई बंदराशी जोडला गेला. या मार्गावरील चांदूरला 'चांदूर रेल्वे' हे नाव मिळाले व ते आजही रूढ आहे.

अशा स्थानकावरील स्टेशन मास्तरांपुढे गेली दीडशे वर्षे एकच मूलभूत प्रश्न उभा राहिला आहे. मालखेडकडून निघालेली अथवा धामणगावच्या दिशेने गेलेली गाडी त्यांच्या डोळ्यांना दिसत नाही, तरी तिच्या स्थितीविषयी त्यांना निर्णय घ्यावा लागतो. यासाठी रेल्वेने जी साधने निर्माण केली, त्यांत दुहेरी मार्गावरील पारंपरिक ब्लॉक उपकरण विशेष लक्षणीय आहे. त्यावर तीनच स्थिती दाखविल्या जातात : 'लाईन बंद', 'लाईन क्लिअर' आणि 'गाडी लाईनवर'. गाडीला किती डबे आहेत, इंजिन कोणते आहे, प्रवासी किती आहेत, यांपैकी काहीही त्यावर नसते. दुसरी गाडी सोडावी की नाही, या प्रश्नाच्या उत्तरासाठी जेवढे आवश्यक तेवढेच ते उपकरण सांगते.

संगणकाच्या आत धावणारी आज्ञावली ही अशीच डोळ्यांआड असलेली गाडी आहे. तिची स्थिती जाणून घेण्यासाठी बनविलेल्या साधनांचा इतिहास तंत्रज्ञांपुरताच मर्यादित समजला जातो. वस्तुतः ज्ञान कसे दाखवावे, काय झाकावे आणि दाखविण्याचा खर्च कोणासाठी करावा, या व्यापक प्रश्नांशी तो निगडित असल्याने अन्य विद्याशाखांच्या अध्यापकांनाही तो विचारार्ह वाटावा.

२. 'चालू अवस्था' म्हणजे काय?

आज्ञावली ही कागदावर लिहिलेली सूचनांची यादी असते. ती चालू लागली की तिला एक अवस्था प्राप्त होते. कोणत्याही क्षणी कोणती सूचना चालू आहे, प्रत्येक चलाची किंमत काय आहे, कोणत्या फंक्शनने कोणत्या फंक्शनला बोलावले आहे आणि स्मृतीत कोठे काय साठविले आहे, या सर्वांचा समुच्चय म्हणजे त्या क्षणीची अवस्था होय. लिखित आज्ञावली बदलत नाही. अवस्था मात्र सेकंदाला लक्षावधी वेळा बदलते. दोष बहुधा लिखाणात असतो, परंतु तो प्रकट होतो अवस्थेत.

एक साधे उदाहरण घेता येईल. समजा, बाजार समितीत कापसाच्या पाच गाड्या आल्या आणि त्यांची वजने अनुक्रमे ८, १२, १०, ९ व ११ क्विंटल आहेत. एकूण वजन ५० क्विंटल यावयास हवे. विद्यार्थ्याने लिहिलेली आज्ञावली मात्र ४२ हे उत्तर देते. उत्तर अशक्य वाटत नाही. त्यामुळे ते तसेच स्वीकारले जाण्याचा धोका आहे. आता हीच आज्ञावली एकेक पायरी चालवून पाहिली, तर पहिल्या फेरीनंतर 'क्रमांक १, एकूण १२' असे दिसते. सी भाषेत रांगेतील पहिल्या घराचा क्रमांक शून्य असतो. विद्यार्थ्याने मोजणी एकपासून सुरू केल्याने पहिली गाडी वगळली गेली. पुढील फेऱ्यांत एकूण २२, ३१ आणि अखेरीस ४२ होते. दोष शेवटच्या उत्तरात शोधला तर सापडत नाही; पहिल्याच पायरीवर मात्र तो उघड दिसतो. पहिल्या गाडीच्या मालकाचे ८ क्विंटल कोठे गेले, याचे उत्तर निकालात नसून प्रक्रियेत आहे. डीबगरचे प्रयोजन एवढ्यात सामावलेले आहे.

३. पहिला टप्पा : दिवे आणि पडदा

आरंभीच्या संगणकांची अवस्था अक्षरशः डोळ्यांना दिसत असे. अमेरिकेतील एनियॅक या यंत्राच्या गणकांवर निऑनचे लहान दिवे होते. फेब्रुवारी १९४६ मध्ये ते यंत्र जगापुढे मांडताना दिवे ठळक दिसावेत म्हणून त्यांवर टेबल टेनिसच्या चेंडूंची अर्धुके बसविण्यात आली होती. मँचेस्टर विद्यापीठातील 'बेबी' या यंत्रावर २१ जून १९४८ रोजी पहिली साठवलेली आज्ञावली चालली. त्या यंत्राची स्मृती कॅथोड किरण नलिकेत होती. ३२ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३२ बिंदू, म्हणजे एकूण १,०२४ बिट, ही संपूर्ण स्मृती एका पडद्यावर पाहता येत असे. संगणकाची समग्र अवस्था एका दृष्टिक्षेपात दिसण्याचा तो काळ होता आणि तो अल्पकाळच टिकला.

मे १९४९ मध्ये केंब्रिज येथे एडसॅक सुरू झाला. आपल्या आयुष्यातील बराच काळ स्वतःच्याच आज्ञावलीतील चुका शोधण्यात जाणार आहे, याची जाणीव आपल्याला त्याच सुमारास झाली, असे त्याचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले. यंत्रासमोर बसून एकेक आज्ञा चालवत राहणे म्हणजे यंत्राचा मौल्यवान वेळ वाया घालवणे होय, असे केंब्रिजच्या गटाचे मत होते. म्हणून स्टॅनली गिल यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात वेगळा मार्ग मांडला. तपासणी करणारी दुसरी आज्ञावलीच मूळ आज्ञावलीतील सूचना एकामागून एक चालवील आणि त्यांचा माग कागदावर छापील. तो कागद टेबलावर निवांत वाचता येई. धावत्या अवस्थेचे लिखित नोंदीत रूपांतर करण्याची ही कल्पना पुढील सर्व डीबगरांच्या मुळाशी आहे.

महाराष्ट्रात हा टप्पा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अवतरला. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांच्या गटाने प्रथम एक प्रायोगिक यंत्र उभारले. ते १९५६ मध्ये चालू झाले. पूर्ण आकाराचे यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले आणि १९६२ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या आणि प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावतील एवढी फेराइट गाभ्याची स्मृती होती. आज्ञा शून्य व एक यांच्या यंत्रभाषेत लिहाव्या लागत. यंत्राला हाताने चालविण्याचा नियंत्रणफलक होता आणि आलेख व अक्षरे दाखविणारा कॅथोड किरण नलिकेचा पडदाही जोडलेला होता. ज्या काळी छापील कागद हेच संगणकाचे मुख्य उत्तर असे, त्या काळी मुंबईच्या यंत्राला पडदा असावा, ही बाब लक्षणीय आहे.

येथे एक हिशेब उद्बोधक ठरतो. टिफ्रॅकची स्मृती ८१,९२० बिटांची होती. म्हणजे बेबीच्या ८० पट. मँचेस्टरप्रमाणे ती सगळी एकाच पडद्यावर मांडली असती, तरी माणसाला त्यातून काही उमगले नसते. 'सर्व काही दाखवा' हे तत्त्व अवघ्या १२ वर्षांत निरुपयोगी ठरले आणि 'काय दाखवावे' हा प्रश्न उभा राहिला.

४. दुसरा टप्पा : दृष्टीआड गेलेले यंत्र

१९६४ मध्ये टाटा संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकी बनावटीचा संगणक आला. देशभरातील संशोधकांना त्याचा लाभ झाला आणि भारतीय विज्ञानाची गणनक्षमता एकदम वाढली. परंतु याच वेळी वापरकर्ता यंत्रापासून दूर गेला. आज्ञावली पत्त्यांवर छिद्रित करून द्यावयाची, ती इतरांच्या कामांसोबत रांगेत लागावयाची आणि निकालाचा कागद नंतर हाती यावयाचा, अशी ही पद्धत होती. आज्ञावली मध्येच बंद पडली, तर तिची अखेरची अवस्था स्मृतीच्या छापील प्रतीतून ताडावी लागे.

अशा छापील प्रतीचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. सीडीसी ३६०० चा एक शब्द ४८ बिटांचा होता. अष्टमान पद्धतीत तो १६ अंकांचा होतो. या वर्गातील यंत्रांत ३२,७६८ शब्दांची स्मृती असे. एका ओळीत चार शब्द छापले, तरी संपूर्ण स्मृतीसाठी ८,१९२ ओळी लागतात. त्या ओळींत दोषाचा पुरावा निश्चितच असतो. परंतु गवताच्या गंजीत पडलेल्या सुईप्रमाणे तो शोधावा लागतो. माहिती संपूर्ण आणि स्पष्टता जवळजवळ शून्य, असा हा प्रकार होता. शिवाय ती अवस्था मृत्यूनंतरची असे. चूक कोठे घडली यापेक्षा यंत्र कोठे कोसळले, एवढेच त्यातून थेट कळे.

त्याच सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत वेगळा प्रवाह सुरू झाला होता. तेथील टीएक्स-० या यंत्रावर विद्यार्थ्यांना व अभ्यासकांना स्वतः बसता येत असे. त्या मोकळिकीतून प्रथम 'फ्लिट' आणि नंतर १९६१ मध्ये पीडीपी-१ या यंत्रासाठी 'डीडीटी' या आज्ञावली तयार झाल्या. दोन्ही नावे कीटकनाशकांची आहेत. संगणकातील दोषाला 'बग' म्हणजे किडा म्हणण्याची प्रथा रूढ झाल्याने हा विनोद साधला गेला; मलेरिया निर्मूलनाच्या फवारणीमुळे डीडीटी हे नाव त्याच काळात भारतातील खेड्यापाड्यांतही घराघरांत पोहोचलेले होते. या साधनांचे वैशिष्ट्य असे की, आज्ञावली हव्या त्या ठिकाणी थांबवावी, एखाद्या चलाचे नाव टंकित करून त्याची किंमत विचारावी, ती बदलावी आणि पुढे चालू करावे, हे सर्व संवादाच्या रूपात शक्य झाले. आठ हजार ओळी वाचण्याऐवजी एक प्रश्न विचारता येऊ लागला. आधुनिक डीबगरमधील 'थांबा' आणि 'एकेक पायरी' या दोन्ही क्रिया येथेच स्थिरावल्या.

१९६९ मध्ये रॉबर्ट बाल्झर यांनी 'एक्सडॅम्स' ही प्रणाली मांडली. तिने आज्ञावलीच्या वाटचालीची संपूर्ण नोंद फितीवर ठेवून ती पडद्यावर पुढे तसेच मागेही चालवून पाहण्याची सोय केली. दोष सामान्यतः आधी घडतो आणि परिणाम नंतर दिसतो. म्हणून मागे जाता येणे ही चैन नसून गरज आहे, हे तत्त्व त्यातून पुढे आले. भारतीय रेल्वेच्या स्थानकांवर पुढे बसविण्यात आलेली डेटा लॉगर ही यंत्रणा याच विचाराची आहे. सिग्नलच्या प्रत्येक रिलेतील बदलाची वेळेसह नोंद होते आणि अपघात वा बिघाडानंतर घटनाक्रम पुन्हा मांडून पाहता येतो.

थोडक्यात, दुसऱ्या टप्प्यात एकाच काळात दोन जगे अस्तित्वात होती. जेथे यंत्रवेळ मुबलक होता तेथे अभ्यासकाला यंत्राच्या आत पाहता आले. जेथे तो दुर्मिळ होता तेथे त्याला कागदावर विसंबावे लागले. हा बुद्धीतील भेद नव्हता, साधनांच्या उपलब्धतेतील भेद होता.

५. तिसरा टप्पा : खिडक्या आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळा

१९८० च्या दशकात डीबगरने यंत्रभाषा सोडून आज्ञावलीची मूळ भाषा स्वीकारली. युनिक्सवरील डीबीएक्स, १९८६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी लिहिलेला जीडीबी आणि त्या दशकाच्या अखेरीस वैयक्तिक संगणकांवर आलेल्या बोरलँड कंपनीच्या टर्बो सी व टर्बो पास्कल या प्रणाली ही याची प्रमुख उदाहरणे होत. आता अष्टमान अंकांऐवजी विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेली ओळ उजळून दिसे आणि 'एकूण' या चलाची किंमत त्याच नावाने शेजारच्या खिडकीत वाचता येई.

अमरावती विद्यापीठाची स्थापना १९८३ मध्ये झाली. त्यानंतरच्या दोन दशकांत महाराष्ट्रातील जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांतून संगणकशास्त्राचे अभ्यासक्रम सुरू झाले. टर्बो सीची निळी चौकट ही त्या पिढीची संगणकाशी झालेली पहिली ओळख म्हणता येईल. त्या चौकटीतच डीबगर होता. एफ ७ अथवा एफ ८ ही कळ दाबली की आज्ञावली एकेक पायरी पुढे जाई; कंट्रोल-एफ ७ दाबून हवे ते चल 'वॉच' खिडकीत ठेवता येई; कंट्रोल-एफ ८ ने थांबा लावता येई. म्हणजे ज्या सोयीसाठी १९६१ मध्ये जगातील मोजक्या प्रयोगशाळांपैकी एकीत जागा मिळवावी लागे, ती आता चांदूर रेल्वेसारख्या गावातील विद्यार्थ्याच्या बोटांखाली होती.

तथापि प्रत्यक्ष व्यवहारात दोनच कळा सर्वांच्या परिचयाच्या झाल्या : आज्ञावली चालविणारी कंट्रोल-एफ ९ आणि निकालाचा पडदा दाखविणारी ऑल्ट-एफ ५. यामागील कारणे विद्यार्थ्यांच्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल. प्रात्यक्षिक वहीत उद्दिष्ट, आज्ञावली आणि निकाल एवढेच लिहावयाचे असे; मधल्या अवस्थेसाठी त्यात रकाना नव्हता. एका संगणकावर अनेक विद्यार्थी आणि ग्रामीण महाराष्ट्रातील भारनियमनाचे तास, यांमुळे यंत्रवेळ पुन्हा एकदा दुर्मिळ झाला होता. एडसॅकच्या काळी यंत्रासमोर रेंगाळणे निषिद्ध ठरविणारे जे कारण होते, तेच येथे वेगळ्या रूपात उभे राहिले. यंत्राच्या आत पाहण्याची खिडकी उपलब्ध होती; तिच्यातून पाहण्याची फुरसत आणि प्रथा मात्र नव्हती.

या उणिवेची भरपाई अनेक अध्यापकांनी फळ्यावर केली. चलांची नावे वर लिहून प्रत्येक फेरीनंतरची किंमत खाली मांडण्याच्या पद्धतीस 'ड्राय रन' म्हणतात. कापसाच्या गाड्यांच्या उदाहरणात १२, २२, ३१, ४२ ही मांडणी म्हणजे खडूने लिहिलेला डीबगरच होय. गिल यांच्या छापील तपासणीशी तिचे नाते सरळ आहे. साधनांच्या इतिहासात अशा फळ्यांची नोंद होत नाही. परंतु वीज नसलेल्या दुपारी आज्ञावलीची चालू अवस्था विद्यार्थ्यांना जर कोणी दाखविली असेल, तर ती या फळ्यांनीच.

टर्बो सीच्या खिडक्यांनाही मर्यादा होत्या. 'वॉच' खिडकी किंमत सांगे, पण आताच्या पायरीत नेमकी कोणती किंमत बदलली याकडे लक्ष वेधत नसे. पॉइंटर हा पत्ता म्हणून षोडशमान अंकांत दिसे. तो कोणत्या वस्तूकडे निर्देश करतो हे विद्यार्थ्याला मनाने ताडावे लागे. १९९० च्या दशकात जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे आंद्रेआस झेलर व डोरोथेआ ल्युटकेहाउस यांनी तयार केलेल्या 'डीडीडी' या प्रणालीने पत्त्याऐवजी चौकटी व बाण काढून दाखविले. अंक तेच होते, त्यांचे नाते दिसू लागले. स्पष्टतेच्या दिशेने पडलेले हे महत्त्वाचे पाऊल होते.

६. चौथा टप्पा : परम आणि 'आत्ता' या शब्दाची अडचण

ज्या लोहमार्गावर चांदूर रेल्वे वसले आहे, त्याच मार्गावर बडनेऱ्याच्या पलीकडे अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर आहे. मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा या गावी १९४६ मध्ये जन्मलेले डॉ. विजय भटकर यांनी नागपूर, बडोदा व दिल्ली येथे शिक्षण घेतले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजेच सी-डॅकची, धुरा सांभाळली. अमेरिकेकडून प्रगत महासंगणक मिळण्यात अडचणी आल्याच्या पार्श्वभूमीवर हे केंद्र उभे राहिले होते. १९९१ मध्ये त्याने 'परम ८०००' हा समांतर संगणक पूर्ण केला. त्यात ६४ ट्रान्सप्युटर बसविता येत. प्रत्येक प्रक्रियकाची स्मृती स्वतंत्र असून तो शेजाऱ्यांशी संदेशांद्वारे बोलत असे. या यंत्रासाठी तयार केलेल्या 'पारस' या आज्ञावली-परिसरात दोषशोधन व कार्यमापन यांच्या साधनांचाही समावेश होता.

अशा यंत्राने डीबगरपुढे अगदी नवा प्रश्न ठेवला. एका प्रक्रियकाची अवस्था दाखवावयाची तर एक खिडकी पुरते. चौसष्ट प्रक्रियकांसाठी चौसष्ट खिडक्या उघडल्या, तर मनुष्याची दृष्टी पुन्हा सीडीसीच्या छापील कागदांपाशी येऊन पोहोचते. परंतु अडचण केवळ संख्येची नव्हती. सर्वांचे मिळून एक घड्याळ नसल्याने 'या क्षणी सर्व प्रक्रियक कोठे आहेत?' हा प्रश्नच संदिग्ध होतो. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले होते की, अशा व्यवस्थेत घटनांचा क्रम संदेशांच्या देवाणघेवाणीवरूनच ठरवावा लागतो. १९८५ मध्ये मणी चंडी व लॅम्पोर्ट यांनी यंत्रणा न थांबविता तिच्या अवस्थेचे सुसंगत चित्र टिपण्याची रीत मांडली. वाटेत असलेले, म्हणजे पाठविलेले परंतु न पोहोचलेले संदेश हेही अवस्थेचाच भाग होत, हे त्यातील मर्म आहे. दोन स्थानकांच्या दरम्यान असलेली गाडी कोणत्याच फलाटावर नसते. म्हणून ती अस्तित्वातच नाही असे म्हणता येत नाही. ब्लॉक उपकरणावरील 'गाडी लाईनवर' ही तिसरी स्थिती नेमके हेच सांगते.

आणखी एक गुंतागुंत अशी की, पाहण्याच्या क्रियेने पाहिली जाणारी वस्तू बदलते. एक प्रक्रियक निरीक्षणासाठी थांबविला की संदेशांच्या वेळा बदलतात आणि जो दोष शोधावयाचा तो कधीकधी नाहीसा होतो. त्यामुळे समांतर आज्ञावलीच्या बाबतीत प्रथम कमीत कमी नोंद ठेवून नंतर तोच क्रम पुन्हा घडवून आणणे, हा मार्ग १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात संशोधकांनी चोखाळला. जीडीबीमध्ये २००९ पासून आज्ञावली उलट दिशेने चालविण्याची सोय झाली. बाल्झर यांची चाळीस वर्षांपूर्वीची कल्पना अशा रीतीने नित्य वापरातील साधनात आली.

७. स्पष्टतेचे निकष

या चार टप्प्यांच्या आधारे चालू अवस्थेच्या स्पष्ट दर्शनाचे काही निकष सांगता येतात.

पहिला निकष निवडीचा. प्रश्नाला आवश्यक तेवढेच दाखवावे. रेल्वेच्या पॅनेलवर मार्ग लावलेला नसेल व रुळांवर गाडी नसेल, तर तो भाग अंधारा असतो. मार्ग लागला की पांढऱ्या आणि गाडी आली की तांबड्या दिव्यांची रांग उजळते. नजर आपोआप आवश्यक ठिकाणी जाते.

दुसरा निकष बदलाचा. किमतींच्या यादीपेक्षा मागील पायरीनंतर काय बदलले हे अधिक बोलके असते. तिसरा निकष नात्यांचा. सुट्या अंकांपेक्षा त्यांचे परस्परसंबंध दिसणे महत्त्वाचे ठरते. चौथा निकष पूर्वेतिहासाचा. अवस्था कशी आली, हे मागे जाऊन पाहता आले पाहिजे.

पाचवा आणि सर्वांत दुर्लक्षित निकष प्रामाणिकपणाचा आहे. ट्रॅक सर्किटची तार तुटली तर पॅनेलवर तो भाग तांबडा, म्हणजे व्यापलेला दिसतो. उपकरणाला खात्री नसेल तेव्हा ते 'मार्ग मोकळा आहे' असे कधीही सांगत नाही. डीबगरच्या बाबतीत अशीच स्थिती उद्भवते. आज्ञावली वेगवान करण्यासाठी कंपायलर काही चले गाळून टाकतो. अशा वेळी त्या चलाची जुनी किंमत दाखविणे म्हणजे विद्यार्थ्याची दिशाभूल करणे होय. जीडीबी तेथे ते चल गाळले गेल्याचे सरळ सांगतो. सुबक परंतु असत्य चित्रापेक्षा ही कबुली अधिक स्पष्ट आहे.

८. समारोप

बेबीच्या १,०२४ बिंदूंपासून परमच्या स्वतंत्र घड्याळांपर्यंतचा हा प्रवास पाहता, डीबगरची प्रगती म्हणजे अधिकाधिक दाखविण्याची प्रगती नाही, हे लक्षात येते. काय वगळावे, कोणत्या बदलाकडे लक्ष वेधावे आणि कोठे अज्ञान मान्य करावे, याचा विवेक म्हणजे ती प्रगती होय.

दुसरी बाब शिक्षणाची आहे. २०१० मध्ये फिलिप गुओ यांनी तयार केलेल्या 'पायथन ट्यूटर' या साधनात आज्ञावलीची प्रत्येक पायरी चौकटी व बाणांसह ब्राउझरमध्ये पाहता येते. साधनांची उणीव आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. मात्र हंडहाउसेन, डग्लस व स्टॅस्को यांनी २००२ मध्ये अशा दृश्य साधनांवरील अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा विद्यार्थी काय पाहतो यापेक्षा तो त्या दृश्याचे काय करतो हे अधिक परिणामकारक असल्याचे आढळले. नुसते पाहणाऱ्यापेक्षा पुढील पायरीचे भाकीत करणारा विद्यार्थी अधिक शिकतो. खडूने ड्राय रन करवून घेणारे अध्यापक हेच करीत आले आहेत.

यावरून एक साधी सूचना पुढे येते. प्रात्यक्षिक वहीत निकालाच्या आधी एक रकाना असावा आणि त्यात किमान तीन पायऱ्यांवरील चलांच्या किमती विद्यार्थ्याने आधी भाकीत करून, नंतर डीबगरमध्ये पाहून लिहाव्यात. यासाठी नवे यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. निकाल पाहून गुण देणारी पद्धत ५० या उत्तराला यश आणि ४२ या उत्तराला अपयश म्हणते. पहिल्या गाडीचे ८ क्विंटल कोठे सुटले, हे विद्यार्थ्याला ती शिकवीत नाही. उद्या याच विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या आज्ञावली बाजार समितीत, बँकेत आणि रेल्वेत चालणार आहेत. तेथे कोणाची तरी पहिली गाडी मोजणीतून सुटू नये, यासाठी आज्ञावली धावत असताना तिच्याकडे पाहण्याची सवय महाविद्यालयातच लागणे अगत्याचे आहे.